गॅलरीत बसून केलेली चार तारांची तंबोरी: पहिल्या करवतीपासून जवारीच्या दोऱ्यापर्यंत

मोठा तंबोरा घेऊन ठाण्याहून लोकलमध्ये चढायचा उद्योग मी आयुष्यात एकदाच केलाय. रविवार होता, दुपार होती, डबा अर्धा रिकामा, तरी दादरपर्यंत भोपळा पोटाशी धरून दाराजवळच्या कोपऱ्यात उभी राहिले आणि पाच जणींनी तरी "सितार आहे का हो?" असं विचारलं. त्या दिवशी ठरवलं की हे पुन्हा नाही. मग बरीच वर्षं मोबाइलवरच्या ॲपवर रियाज केला, तो सोयीचा आहे यात वाद नाही, पण ॲपचा सूर कानाच्या बाहेरच राहतो, मांडीवर टेकलेल्या लाकडातून हाडात शिरतो तो नाही. म्हणून ही तंबोरी. भोपळा नाही, वेगळी दांडी नाही, एक लांबुडकी निमुळती पेटी, चार तारा. लांबी शेंड्यासकट ९७ सेंटीमीटर, म्हणजे दाराच्या मागे उभी राहते आणि लोकलच्या रॅकवर आडवी मावते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते कारण माझे पहिले दोन महिने ती न कळल्यामुळे वाया गेले. यातलं लाकूडकाम म्हणजे पेटी, साधी पेटी, जिला थोडा हात आहे तिला किंवा त्याला चार-पाच रविवारात जमेल. पेटी एखादा मिलिमीटर वाकडी झाली तरी वाजते. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो छोटा ठोकळा, चुकली तर मात्र तुमच्याकडे तारा लावलेलं खोकं आहे, तंबोरी नाही. त्यामुळे एकूण वेळेतला निम्मा वेळ घोडीसाठी बाजूला ठेवा आणि हुरूप पॉलिशवर संपवू नका.

खरा तंबोरा कसा करतात ते बघायचं असेल तर मिरज आहेच. दीडशेहून जास्त वर्षं तिथे हे काम चाललंय, मूळचे हत्यारांना धार लावणारे शिकलगार या कामात आले आणि पिढ्यान्पिढ्या राहिले, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. आपण जे करतोय त्याची त्याच्याशी बरोबरी नाही. फक्त त्यांची घोडीची अक्कल उसनी घ्यायची आहे.

मापं

सगळ्यात आधी एका प्लायवर किंवा चार कॅलेंडरं उलटी चिकटवून त्यावर पूर्ण मापाचं ड्रॉइंग काढा. लहान स्केलचं नाही, पूर्ण. माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणारे, होते, त्यांनी माझं वहीतलं स्केच बघून नुसतं एवढंच म्हटलं, "अगं, वहीतल्या लाकडाला जाडी नसते." खरंय. पूर्ण मापात काढलं की कुठली पट्टी कुठे अडकणार ते तिथल्या तिथे दिसतं.

पेटीची लांबी ८२ सेंटीमीटर, खाली रुंदी २४, वर ९, खोली सगळीकडे ७. तारेची वाजती लांबी, म्हणजे घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत, ६६ सेंटीमीटर. घोडी खालच्या कडेपासून १४ सेंटीमीटरवर येते, म्हणजे वरची पट्टी ८० वर, पेटीच्या टोकाच्या किंचित आत. त्यापुढे १५ सेंटीमीटरचा शेंडा, ज्याला चाव्या लागतात. चाव्या मी गिटारच्या वापरल्या. लाकडी खुंट्या दिसायला सुंदर, पण त्यांना निमुळतं भोक पाडायचं वेगळं हत्यार लागतं आणि पावसाळ्यात त्या फुगून बसतात, उन्हाळ्यात सैल होऊन सरकतात, पहिल्याच वाद्यात ही डोकेदुखी नको.

६६ का, तर मी काळी ४ मध्ये गाते, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी माझा सा, आणि त्या पट्टीला ही लांबी बरोबर बसते. यात पहिल्या, पंचमाच्या तारेला ०.३२ मिलिमीटरचं स्टील, जोडाच्या, म्हणजे मधल्या एकसारख्या सा लावलेल्या दोन्ही तारा ०.२८ स्टील, आणि शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, ०.४५ पितळ. हिशेब केला तर चारही तारांचा मिळून ताण १२-१३ किलोच्या आसपास येतो. गिटारच्या मानाने हे खूपच कमी आहे, म्हणून तर पेटी हलकी ठेवता येते. काळी १ मध्ये गाणाऱ्या पुरुषांनी हीच लांबी ठेवली तर जोड ०.३६, पंचम ०.४२ आणि खर्ज ०.६५ पर्यंत जाड घ्यावा लागेल, आणि तरी खर्ज जरा ढिला वाटेल. जागा असेल तर त्यांनी तारेची लांबी ७५ ते ८० करावी आणि पेटी त्या प्रमाणात वाढवावी.

लाकूड

बाजूच्या पट्ट्यांसाठी सागवान. नवीन घेऊ नका, महाग पडतं आणि बऱ्याचदा पुरतं वाळलेलं नसतं. नौपाड्यात आणि आसपास इतक्या जुन्या बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला चालल्यात की सागवानी दारं, चौकटी, पलंग अक्षरशः किलोच्या भावात जातात. माझ्या तंबोरीच्या बाजू मावशीच्या पलंगाच्या आहेत. चाळीस-पन्नास वर्षं घरात राहिलेलं लाकूड, त्याचं हलायचं-वाकायचं होतं ते होऊन गेलेलं असतं. वखारीत नेऊन ८ मिलिमीटर जाड, ७० मिलिमीटर रुंद, ८५ सेंटीमीटर लांब अशा दोन पट्ट्या कापून आणा, मापाला नंतर छाटता येतात. नेण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधून काढा, नाहीतर कापणाऱ्याचं पातं जाईल आणि शिव्या तुम्ही खाल.

वरची तबली, म्हणजे घोडी जिच्यावर बसते ती पातळ फळी, हा जिवंत भाग. मी पॅकिंगच्या पॅलेटचं पाइन वापरलं, हसू नका. इंडस्ट्रियल एरियात बाहेरदेशी मशीनच्या खाली आलेली पॅलेटं फेकायला ठेवलेली असतात, त्यातल्या काहींना अगदी सरळ, बारीक, एकमेकींना चिकटून गेलेल्या रेषांची फळी सापडते. पॅलेटवर गव्हाच्या कणसासारखा एक शिक्का असतो, त्यात एचटी लिहिलं असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं आहे, ते घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला आहे, ते घरात आणूच नका. शिक्का नसेल तरी सोडून द्या. फळी उचलून दोन बोटांत लोंबती धरायची आणि पेराने टकटक करायची, थप्प वाजली तर राहू द्या, टण्ण वाजून थोडा वेळ घुमली तर तीच.

पॅलेटच्या फळ्या नऊ-दहा सेंटीमीटर रुंद असतात, म्हणून तबलीला तीन जोडाव्या लागतात. सॉ मिलमध्ये त्यांची ६ मिलिमीटरची कापं करून घेतली, दोन-दोन कापांच्या कडा एकत्र धरून रंधा मारला, मग जोड खिडकीच्या उजेडासमोर धरून बघायचा. फटीतून उजेड आला की परत रंधा. माझा पहिला जोड नऊ वेळा परत गेला. जोडून वाळल्यावर पूर्ण तबली ३ ते साडेतीन मिलिमीटरपर्यंत उतरवायची. मागच्या बाजूला ४ मिलिमीटरचं चांगलं प्लाय पुरतं, तिथे जीव काढायची गरज नाही.

धूळ विसरू नका, सागाच्या भुश्शाने मला दोन दिवस शिंका आणि हाताला खाज होती, मास्क लावा. आणि आवाज. आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार शांतता, त्यामुळे ड्रिल आणि जिगसॉ सकाळी, रंधा-पटाशी-पॉलिश पेपर दुपारी, असं टाइमटेबल आपोआप झालं.

पेटी जोडणं, आणि मुहूर्त

मुहूर्त म्हणजे पंचांग नाही, हवा. मी पहिली तबली जुलैमध्ये चिकटवली. बाहेर धो धो, घरात कपडे वाळत नाहीत, मीठ पाणी पाणी होतंय, आणि मी खूश होऊन लाकूड चिकटवतेय. लाकडाने तेव्हा हवेतलं पाणी पिऊन घेतलेलं, फुगलेलं. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी झाली, तबली आकसायला लागली, पण कडा चिकटलेल्या, जाणार कुठे? एका रात्री कट्ट करून आवाज आला, सकाळी बघते तर मधल्या जोडाच्या बाजूने एक वीतभर चीर. तर तबली आणि पाठ चिकटवायचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. कोरड्यात चिकटवलेली तबली पावसाळ्यात जराशी फुगीर होते, पण फुटत नाही. थांबायची तयारीच नसेल तर लाकूड आठ-दहा दिवस कपाटात, एक छोटा साधा पिवळा बल्ब चालू ठेवून, बल्बला काहीही न टेकता ठेवा आणि आत एक डिजिटल ह्युमिडिटी मीटर, ५० च्या आसपास आलं की काढा आणि त्याच दिवशी चिकटवा.

जोडणी अशी. खालच्या बाजूला ३० मिलिमीटर जाड सागाचा ठोकळा, कारण तारा शेवटी याच्यात अडकणार. पेटी निमुळती असल्याने ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना साधारण ५ अंशांचा उतार लागतो, तो कोनमापकाने काढत बसू नका, ड्रॉइंगवर ठोकळा ठेवून पेन्सिलने रेघ घ्या. वरच्या टोकाला ५२ मिलिमीटर उंचीचा ठोकळा, त्यावर १८ मिलिमीटरची सागवानी फळी, दोन्ही मिळून ७० होतात म्हणजे बाजूच्या पट्टीएवढी उंची. ही फळी २५ सेंटीमीटर लांब, त्यातली १० पेटीच्या आत, १५ बाहेर शेंडा म्हणून. हा जोड सोडून बाकी सगळीकडे साधा पांढरा फेविकॉल चालतो. इथे मात्र ॲराल्डाइट आणि खालून दोन स्क्रू, कारण पांढरा गोंद कायमच्या ताणाखाली वर्षानुवर्षं केसाकेसाने सरकतो आणि शेंडा पुढे झुकतो. बाहेरचा शेंडा १५ मिलिमीटरपर्यंत पातळ करा, गिटारच्या चाव्या तेवढ्या जाडीत नीट बसतात. भोक बहुतेक चाव्यांना १० मिलिमीटर लागतं, पण आधी चावी मोजा मग ड्रिल हातात घ्या.

बाजूच्या पट्ट्यांच्या आतल्या कडांना, वर आणि खाली, ८ बाय ८ ची बारीक पट्टी सगळीकडे चिकटवून घ्या, नाहीतर तबलीला धरायला फक्त ८ मिलिमीटरची कड मिळते. तबलीच्या पोटाला दोन आडव्या पट्ट्या, १० रुंद १२ उंच, टोकांना पातळ केलेल्या, एक घोडीच्या जागेपासून ५ सेंटीमीटर वर आणि एक ५ खाली. बरोबर घोडीखाली पट्टी लावली तर आवाज दबतो. अजिबात नाही लावली तर घोडीवर दोनेक किलोचा दाब कायम असतो, त्याने वर्षभरात तबली बसते. डाव्या-उजव्या ज्या बाजूला तुमचा कान येतो त्या बाजूच्या पट्टीला, वरच्या भागात, ३० मिलिमीटरचं एक भोक पाडलं, गाताना स्वतःला चांगलं ऐकू येतं.

क्लॅम्पचे पैसे वाचवायचे असतील तर सायकलच्या दुकानातून पंक्चरलेली ट्यूब मागून आणा, उभी फाडून लांब पट्ट्या करा आणि पेटीभोवती बँडेजसारख्या ताणून गुंडाळा. याच्यासारखा सगळीकडून सारखा दाब महागड्या क्लॅम्पनेही येत नाही. चोवीस तास हात लावायचा नाही. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा, वाळल्यावर त्या जागी पॉलिश धरत नाही.

पॉलिश म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, जुन्या बनियनच्या बोळ्याने, पातळ पातळ पाच-सहा हात. दमट दिवशी लावलं तर पांढरट डाग येतात. तबलीवर जाड पीयू (पॉलियुरेथेन) वगैरे ओतू नका, रेनकोट घालून गाण्यासारखं होतं ते.

घोडी

आता खरं काम. गिटारची तार एका धारेवर टेकते, तिथे संपते. तंबोऱ्याची घोडी वरून रुंद असते आणि तिला अगदी हलका, डोळ्याला जेमतेम दिसेल असा बाक असतो. तार हलताना त्या बाकावर जरा टेकते, जरा उठते, प्रत्येक हेलकाव्याला तिची लांबी किंचित बदलते, आणि त्या घासण्या-आपटण्यातून वरचे सूर सतत जागे होत राहतात. हीच जवारी, आणि ती नेमकी लावायला तारेखाली घोडीवर एक दोरा सरकवतात, तो पुढे येईलच. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी तंबोरा आणि वीणेवर हाच अभ्यास केला होता. नियमाप्रमाणे तार ज्या बिंदूला छेडली तिथे ज्या सुरांचा स्थिर बिंदू असतो ते सूर वाजायलाच नकोत, पण या घोडीवर ते चांगले ठणठणीत ऐकू येतात असं त्यांनी दाखवलं. घरी करून बघता येतं: खर्जाची तार बरोबर मध्यावर, ३३ सेंटीमीटरवर छेडा. दोरा काढलेला असताना आवाज पोकळ येतो, दोरा बसला की त्याच जागी छेडूनही वरचा सा त्यातून वर येतो.

घोडी किती मोठी? आडवी ७० मिलिमीटर, तारेच्या दिशेने २८, उंची २२. खालचा भाग शिसवीचा, मधून कमानीसारखा कोरून दोन पाय ठेवलेले. वरच्या पृष्ठभागासाठी मी आधी शिसवच ठेवली होती, महिन्याभरात स्टीलच्या तारांनी तिच्यात रेघा कापल्या आणि जवारी गेली. जुन्या वाद्यांवर हरणाच्या शिंगाची घोडी दिसते, तो विषय सोडा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे. उंटाचं हाड वाद्यवाल्यांकडे मिळतं. माझं काम बाबांच्या एका जुन्या सोबत्याच्या लेथवरच्या तुकड्याने झालं, पांढरं डेलरिन, ज्याचे गिअर आणि बुश करतात ते प्लास्टिक. गुळगुळीत, कडक, पाणी पीत नाही, त्यामुळे पावसाळ्यात आकार बदलत नाही. हल्ली सतारीच्या घोड्यांनाही ते वापरतात. ६ मिलिमीटरची चकती कापून शिसवीवर बसवली. डेलरिनला गोंद धरत नाही हे मात्र लक्षात ठेवा, खालून दोन बारीक स्क्रूनेच बसवायचं, आणि स्क्रू वरपर्यंत येणार नाही हे आधी मोजून.

आधी पाय. घोडीच्या जागी तबलीवर पॉलिश पेपर उताणा ठेवा आणि घोडी त्यावर मागेपुढे घासा, म्हणजे पाय तबलीच्या पोटाला तंतोतंत बसतात. घोडी चिकटवायची नाही, तारांच्या दाबाने ती उभी राहते.

मग बाक. घोडीचा सगळ्यात उंच भाग शेपटीकडच्या, म्हणजे पेटीच्या खालच्या कडेकडच्या बाजूला, मागच्या कडेपासून सात-आठ मिलिमीटरवर. तिथून वरच्या पट्टीकडे पृष्ठभाग हळूहळू उतरतो, पण किती, तर पुढच्या कडेपर्यंत पोचताना सगळा मिळून साधारण अर्धा मिलिमीटर. अर्धा! पोस्टकार्ड दोन ठेवा एकावर एक, तेवढा. मागच्या बाजूला मात्र सरळ गोलाई द्या. बारीक कानसीने सुरुवात, मग काचेच्या तुकड्यावर चिकटवलेला पॉलिश पेपर, २४०, ४००, ८००, शेवटी १२००. हात नेहमी तारेच्या दिशेने, आडवा कधीच नाही. आणि हाताशी स्टीलची पट्टी ठेवा, ती उभी धरून उजेडासमोर बघितली की खड्डा लपत नाही. खड्डा म्हणजे शत्रू. बाक थोडा जास्त झाला तर चालतं, मध्ये खड्डा झाला की तार करकर वाजते.

घासताना एक क्षण येतो जेव्हा वाटतं अजून जरासं घेऊ या, अजून छान होईल. तेव्हा उठा, चहा करा. माझी दुसरी घोडी त्या 'अजून जरासं' मध्ये गेली.

तारा आणि जवारी

खालच्या ठोकळ्याला चार पितळी स्क्रू, तारेला फासा करून त्यात अडकवायच्या. पेटीच्या खालच्या कडेवर एक पितळी पट्टी लावा, नाहीतर तारा लाकूड चावत आत जातात. घोडीवर दोन तारांमध्ये १४ मिलिमीटर, वरच्या पट्टीवर १०. ती पट्टी तबलीपासून १४ मिलिमीटर उंच. गिटारच्या दुकानात ११ नंबरची सुटी तार म्हणजे ०.२८ मिलिमीटरच असते, १३ नंबर म्हणजे ०.३३, पंचमाला चालून जाते. खर्जाला मात्र गिटारची गुंडाळी केलेली तार लावू नका, तिच्या खाचा घोडीवर खरखरतात आणि घोडीही खातात, सरळ पितळी तारच हवी. घोडीच्या मागे प्रत्येक तारेत एकेक मणी ओवायला विसरू नका, मी विसरले, चारही परत काढल्या. तार ताणताना चष्मा किंवा गॉगल घाला, तुटलेली तार तोंडाकडेच येते.

सूर: प सा सा सा, शेवटचा खर्ज. काळी ४ ला जोड २०७.६५ हर्ट्झवर, खर्ज त्याच्या निम्म्याला. जोड आणि खर्ज ट्यूनरवर लावला तरी हरकत नाही, पण पंचम कानाने लावा. ट्यूनरचा पंचम खऱ्या पंचमापेक्षा २ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, ऐकायला क्षुल्लक वाटतं पण तंबोरीत तो हळू हळू लाटेसारखा हलताना कळतो. चावीने जवळ आणायचं, शेवटचा केसभर मणी घोडीपासून दूर, शेपटीकडे सरकवून चढवायचा. मालकंसाला पंचमाच्या जागी मध्यम, हे सांगायला नको.

पहिल्यांदा वाजवाल तेव्हा बहुतेक निराशा होईल. एक तार झणझणेल, एक ठक्क करून गप्प, एक माशीसारखी गुणगुणेल. ठीक आहे. आता शिवणाचा सुती दोरा घ्या, वीतभर, आणि तारेखाली, घोडीच्या उंच भागाच्या मागून, शेपटीकडून सरकवा. दोन्ही टोकं धरून दोरा पुढे-मागे नेत एका हाताने तार छेडत राहा. मिलिमीटरचा पाव भाग एवढीही हालचाल मोठी असते. दोरा तारेला इवलंसं उचलतो, मग तार पुढच्या बाकाला नुसती स्पर्श करत सुटते. मध्येच एका जागी तार एकदम उघडते, अंधाऱ्या खोलीत दाराची फट पडावी तशी, आणि छेडून बोट काढल्यावर आवाज कमी व्हायच्या ऐवजी आधी फुलतो. तीच जागा. चारही तारांचे दोरे एका रेषेत येतील असं नाही, पंचमाचा आणि खर्जाचा बऱ्याचदा वेगळा बसतो.

दोरा कुठेही नेला तरी तार उघडत नसेल तर दोष घोडीत आहे. त्या तारेखाली मार्करने निळा पट्टा ओढा, तार सूरात ताणून जोरात दहा-बारा वेळा छेडा, मग तार बाजूला करून बघा. शाई सलग लांब पट्ट्यात पुसली गेली असेल तर बाक फार सपाट आहे, आवाज करकरीत येतोय तो त्यामुळे. एकाच ठिपक्यात पुसली असेल तर बाक फार गोल आहे, आवाज बंद. दोन सुटे ठिपके दिसले तर मध्ये खड्डा आहे. जिथे शाई गेली तिथेच १२०० च्या पेपरचे चार हात, परत शाई, परत तार. कंटाळवाणं आहे, पण दर वेळी पेपरचे चारच हात, मोजून.

कान कुठे लावायचा? खर्जात. जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, कुणी लावलेला नसताना. तो तारेचा पाचवा स्वर, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात, आणि तो हार्मोनियमच्या गंधारापेक्षा चांगला १४ सेंटने उतरलेला असतो, त्यामुळे हार्मोनियमवर शिकलेल्यांना आधी तो जरा कमी वाटतो. मला तो ऐकू आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते, पंखा बंद केला, फ्रिजचा आवाज थांबायची वाट बघितली, परत छेडली. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "आता हात लावू नकोस तिला." दोऱ्याच्या जागेवर लगेच पेन्सिलने खूण केली आणि झोपले.

वाजवताना पंचमाला मधलं बोट, बाकी तिन्हींना तर्जनी, आणि तार खेचायची नाही, बोटाचा मऊ भाग तिच्यावरून नुसता निसटू द्यायचा. छेडायची जागा घोडीपासून दूर, तारेच्या मध्याच्या आसपास.

नव्या तारा पहिले आठ-दहा दिवस उतरत राहतात, घाबरू नका. दोरा दर दोन-तीन महिन्यांनी चपटा होतो तो बदलायचा. स्टीलच्या तारा आमच्याकडे खाडीच्या हवेने पावसाळ्यात चटकन गंजतात, वाजवून झालं की सुक्या फडक्याने पुसायच्या, गंज धरलेली तार पॉलिश पेपरने घासून वाचवू नका, जवारी जाते. न्यायची असेल तर तारा दोन-तीन सूर उतरवा, घोडी मात्र काढू नका, तारांखाली फडकं दुमडून घाला म्हणजे ती हलणार नाही. पिशवी मी जुन्या योगा मॅटमध्ये गुंडाळून शिवली, वरून रेनकोटचं कापड. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत झालं, त्यात जास्त पैसे चाव्यांना गेले. आणि लोकलमध्ये परवा एका बाईंनी विचारलं, "कॅरम बोर्ड आहे का?"